वॉक मिळाल्यावर कुठे थांबायचं

४ फेब्रुवारी

ताई,

फोनवर आपण दोघं एकदम भांडतो, पत्रात निदान आळीपाळीनं भांडतो, हे तुझंच म्हणणं. म्हणून लिहायला बसलो. घरी सगळे बरे आहेत. काम सॉफ्टबॉलचं आहे, आणि आपल्या घरात त्यातलं कळणारी अंपायर तू एकटीच.

मला समजलंय ते आधी लिहितो, चुकलं तर सांग. पिचरनं चार चेंडू वेडेवाकडे टाकले की बॅट घेऊन उभ्या असलेल्या मुलीला पहिला बेस फुकट मिळतो. त्याला वॉक म्हणतात. तुझी भाची भिंगरी वयाच्या मानानं इतकी बुटकी, की तिच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या जागेत चेंडू घालणं म्हणजे पत्रपेटीच्या फटीत उशी कोंबण्यासारखं आहे. त्यामुळे तिला जवळजवळ दर वेळी वॉक मिळतो. बॅट ती शोभेला नेते म्हणालीस तरी चालेल.

शनिवारी आमची एक मुलगी तिसऱ्या बेसवर होती आणि भिंगरीला वॉक मिळाला. ती दुडक्या चालीनं पहिल्या बेसवर गेली आणि तिथे थांबलीच नाही. वळली आणि दुसऱ्या बेसकडे सुटली. समोरची पिचर गांगरली, तिनं चेंडू दुसऱ्या बेसकडे भिरकावला आणि तेवढ्यात आमची तिसऱ्या बेसवरची मुलगी घरी, म्हणजे होम बेसवर, पोचली. एक रन. कोचबाईंनी टाळ्या वाजवल्या, कारण ही युक्ती त्यांनीच शिकवलेली. पिचर रडवेली झाली. पलीकडच्या पालकांनी आरडाओरडा केला आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, हे नियमात बसतं का हो? मी म्हटलं, बघून सांगतो. असं का म्हटलं कोण जाणे. नुसतं हसून मान हलवली असती तरी भागलं असतं.

आता बघितलंय. आमच्या लीगची नियमांची पुस्तिका छोटीशी आहे आणि वॉकबद्दल तिच्यात एकच वाक्य आहे: ‘फलंदाजास पहिला बेस देण्यात येईल.’ तिथून पुढे जावं की जाऊ नये, अवाक्षर नाही. माझा धंदा तुला माहीत आहे. धुलाई यंत्राच्या माहितीपत्रकात ‘यंत्र चालू असताना झाकण उघडू नये’ हे लिहायचं राहिलं, तर लोक झाकण उघडतात आणि मग त्यांची पत्रं माझ्या टेबलावर येतात. अशी कोरी जागा दिसली की मला चैन पडत नाही. समितीला दोन ओळी लिहून खुलासा मागवावा असं मनात आहे. तक्रार नाही, फक्त खुलासा. तुला काय वाटतं?

तुझा,
भाऊ


९ फेब्रुवारी

शहाण्या भाऊराया,

मला काय वाटतं ते आधी सांगते, बाकीचं नंतर. समितीला काहीही लिहू नकोस. एक ओळसुद्धा नाही.

आता नियम. वॉक मिळाला म्हणून खेळ थांबत नाही, चेंडू जिवंतच असतो. पहिल्या बेसला पाय लावून मुलगी न थांबता दुसऱ्या बेसकडे गेली तर खुशाल जावं. थांबली, आणि त्या वेळी पिचर चेंडू हातात घेऊन आपल्या वर्तुळात उभी असली, तर मुलीनं लगेच ठरवायचं, पुढे की मागे. ठरलं की ठरलं. पुढे निघून परत मागे वळली, किंवा विचार करत तिथेच उभी राहिली, की आऊट. तू खेळत असतास तर दर वेळी आऊट झाला असतास.

म्हणजे भिंगरीनं केलं ते सरळ नियमात बसतं. सगळीकडे मुली हेच करतात. तुमच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं नाही, कारण पुस्तिका लिहिणाऱ्यांना ते माहीत नव्हतं, आणि देवाच्या दयेनं त्यांना कोणी विचारलं नाही. मी इतकी वर्षं समित्या बघते आहे. समितीला प्रश्न विचारला की ती उत्तर शोधत नाही, नियम करते. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या शेजारच्या गृहस्थांना सांग, बसतं. संपलं.

तुमच्या कोचबाई माझ्या शिबिरात होत्या. गाडी चालवायला शिकवणारी बाई आहे, तिला घाबरणारी माणसं सांभाळायची सवय आहे. तिच्यावर सोड.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र येण्याआधीच माझं समितीकडे गेलं होतं. वाट बघायला हवी होती, हे तू लिहिण्याआधी मीच लिहितो.

समितीचं उत्तर आलं नाही. सूचना आली. मैदानाच्या फाटकावर चिकटवली आहे: ‘एका जागरूक पालकांच्या तक्रारीची दखल घेऊन असे ठरले आहे की वॉक मिळालेल्या खेळाडूने पहिल्या बेसवर थांबावे व पुढचा चेंडू टाकला जाईपर्यंत बेस सोडू नये.’ ताबडतोब लागू. माझ्या पत्रात ‘तक्रार नव्हे’ हे शब्द होते, अधोरेखित होते. जागरूक पालक कोण हे कोणी विचारलं नाही. फाटकापाशी सगळे माझ्याकडे बघून बाजूला सरकले, जणू मला नुकताच ओला रंग दिला होता.

कोचबाई मात्र सरकल्या नाहीत. त्या आवाज चढवत नाहीत हे तुला माहीत असेल. म्हणाल्या, “मोकळा रस्ता होता, दादा. तुम्ही अर्ज करून गतिरोधक मागून घेतलात.” मग त्यांनी हिशेब समजावला. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी त्यांना नऊ मुली निवडायच्या आहेत. भिंगरीला त्या घेणार होत्या ते केवळ या एका गोष्टीसाठी. ती वॉक मिळवते आणि पळते. चेंडू मारण्यात ती सगळ्यांत मागे आहे, झेल तिच्या हातात राहत नाही. पळणं बंद झालं तर तिला घेऊन करायचं काय? पहिल्या बेसवर खांब पुरायचा? निवड मार्चअखेर आहे. तोवर हा नियम असेल तर नववी मुलगी दुसरी कोणी.

भिंगरी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे ओरडत नाही, रडत नाही, फक्त आईमार्फत बोलते. काल जेवताना मी तिच्या समोरच बसलो होतो आणि ती आईला म्हणाली, “त्यांना म्हणावं मीठ इकडे द्या.” जन्मापासून मला अरे-तुरे करणारी पोरगी. ‘त्यांना’ ऐकून मी मीठ तिच्या आईकडेच सरकवलं. ही म्हणते, खाजवून खरूज काढलीत, आता खाजवा. तिचंही बरोबर आहे.

मी समितीला दुसरं पत्र तयार करतोय. सात मुद्दे आहेत. तू सांगितलेला वर्तुळाचा नियम चौथ्या मुद्द्यात घातला आहे. आकृतीही काढली आहे.

भाऊ


२५ फेब्रुवारी

भाऊ,

आकृती फाड.

सात मुद्द्यांचं पत्र गेलं तर समिती सात नियम करेल आणि पोरी बेसवर रांगेनं टोकन घेऊन उभ्या राहतील. अध्यक्षांना प्रत्यक्ष जाऊन भेट. कमी बोल. शक्य असेल तर अजिबात बोलू नकोस, नुसतं जाऊन उभा राहा, तुझ्या चेहऱ्यावरून माणसाला दया येते.

मी चिडलेय हे तुला कळलं असेलच. एवढ्या लांबून चिडण्याला काही अर्थ नसतो, म्हणून जास्तच चिडलेय. पोरीला एक गोष्ट येते. एकच. तिला काय येत नाही याची यादी करायला जग बसलंय, त्यात तुझी भर कशाला?

आणि एक विचारते. तू फक्त खुलासा मागितलास, असं तू दोनदा लिहिलंस. तिसऱ्यांदा लिहिण्याआधी थांब. तुला ते पळणं आवडलं नव्हतं का?

ताई


४ मार्च

ताई,

अध्यक्षांना भेटलो. ते दातांचे डॉक्टर आहेत आणि भेटायची वेळ म्हणजे दवाखान्याची वेळ. दुसरी खुर्ची नव्हती म्हणून मला त्या मोठ्या खुर्चीत बसवलं, आणि बसलोच आहे तर बघून टाकू म्हणाले. त्यामुळे माझी बाजू मी तोंड उघडं ठेवून मांडली. त्यांना ती कितपत कळली सांगता येत नाही. वरच्या दाढेत कीड आहे हे मात्र मला कळलं.

माणूस वाईट नाही. त्यांनी हात धुतले आणि मार्ग सांगितला. नियम तक्रारीवरून झाला आहे. रविवारच्या पालकसभेत तक्रार करणाऱ्यानं उभं राहून तक्रार मागे घेतली, तर नियम त्याच मिनिटाला रद्द. नाही घेतली, तर विषय पुढच्या वर्षी.

मी म्हटलं, मी तक्रार केलेलीच नाही, प्रश्न विचारला होता.

ते म्हणाले, मग प्रश्न मागे घ्या.

मी म्हटलं, प्रश्न मागे कसा घेणार? तो पडलेला आहे.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “हे बघा, आमच्याकडे फक्त तक्रार मागे घेता येते. तुम्ही तक्रार मागे घ्या.”

माझी अडचण तुझ्या लक्षात येतेय का? मी उभा राहून ‘तक्रार मागे घेतो’ म्हटलं, तर मी तक्रार केली होती हे मीच सगळ्यांसमोर कबूल केल्यासारखं होतं. स्वतःच्या मुलीविरुद्ध. सभेला मुलीही असतात, मागच्या बाकांवर. जे केलं नाही ते केलं म्हणायचं आणि तेही तिच्यासमोर? आणि नाही म्हटलं तर तिची जागा जाते. मी दोन्ही बाजूंनी विचार केला, तिसरी बाजू सापडते का तेही पाहिलं. ‘तक्रार समजले गेलेले निवेदन मागे घेतो’ असं म्हणता येईल का?

तू विचारलेल्या दुसऱ्या गोष्टीचं उत्तर सवडीनं देतो.

भाऊ


८ मार्च

भाऊ,

‘तक्रार समजले गेलेले निवेदन’ असं जर तू चारचौघांत उच्चारलंस, तर मी गाडी पकडून तिथे येईन आणि अंपायर म्हणून तुला मैदानाबाहेर काढीन.

हे पत्र रविवारच्या आत पोचावं म्हणून घाईत लिहितेय. तुला सांगायचं नव्हतं, पण सांगते. भिंगरीनं मला फोन केला होता, त्या सूचनेच्याही आधी. तिनं विचारलं, आत्या, मी चीटिंग करते का? मी म्हटलं, कोण म्हणालं? समोरच्या टीमचे ओरडले ते? तर म्हणाली, ते ओरडतातच. पण बाबा त्या दिवशी गाडीत घरी येईपर्यंत काहीच बोलला नाही.

मी तिला सांगितलं, नाही, चीटिंग नाही, मी अंपायर आहे. तिनं ऐकून घेतलं, पण तिचं त्यानं भागलं नाही. तिला माझा निकाल नको होता.

तेव्हा त्या दुसऱ्या गोष्टीचं उत्तर सवडीनं नको. मला नाही दिलंस तरी चालेल. रविवारी उभा राहण्याआधी स्वतःला दे.

ताई


१६ मार्च

ताई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वाचून खिशात ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. गाडीत मी बोललो नव्हतो हे मला आठवतही नव्हतं. रस्त्यात गर्दी होती, असं मी आधी स्वतःला सांगून पाहिलं. गर्दी नव्हती.

मला ते पळणं आवडलं नव्हतं, ताई. दुकानदार आत गेला असताना गल्ल्यापाशी उभं राहावं, तसं काहीतरी मला वाटलं. तिनं काही घेतलं नव्हतं, पण ती समोरच्याच्या गोंधळाची वाट बघत होती. ती पिचर रडवेली झाली तेव्हा भिंगरी दुसऱ्या बेसवर उभी राहून हसत होती, आणि ते हसू मला ओळखीचं वाटलं नाही. मग मी घरी येऊन पुस्तिका काढली. कोरी जागा शोधायला नाही. हे कुठेतरी मना केलेलं असेल तर बरं, म्हणून. खुलासा वगैरे मी नंतर बसवलं. ‘तक्रार नव्हे’ हे अधोरेखित केलं तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

एकदा हे लक्षात आल्यावर रविवारची अडचण उरलीच नाही. शाळेच्या सभागृहात सभा होती, लहान मुलांच्या खुर्च्या, सगळ्यांचे गुडघे छातीशी. माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “माझी तक्रार होती. ती मी मागे घेतो.” एवढंच म्हणून बसायचं होतं. तुझ्या सूचना पाठ होत्या. पण मग मला वाटलं, अर्धंच सांगितलं. म्हणून पुढे म्हणालो, की मला ते पळणं लबाडीचं वाटलं होतं, ते नियमात बसतं हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायचंच होतं तर मी कोचबाईंना विचारायला हवं होतं.

मागे कोणीतरी हसलं. कोचबाईंनी कपाळाला हात लावला. अध्यक्ष म्हणाले, नियम रद्द, आणि लगेच मैदानावरच्या संडासाची किल्ली कोणाकडे असते या विषयावर गेले. त्यावर मात्र बराच वेळ चर्चा झाली.

मी मागे वळून पाहिलं नाही. घरी चालत निघालो तेव्हा भिंगरी पुढे चालत होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी थांबली आणि मी जवळ येईपर्यंत तिथेच उभी राहिली.

“बाबा, मी लबाड वाटले तुला?”

“त्या दिवशी वाटलीस.”

“आणि आता?”

मी खरंच विचार केला, ताई. म्हटलं, “आता नियम कळलाय. पण ती दुसरी मुलगी रडवेली होते ते अजून बघवत नाही.”

“म्हणजे अजून वाटते.”

“थोडी.”

 मग म्हणाली, “बाबा, अशा वेळी लोक खोटं बोलतात.”

पण ‘बाबा’ म्हणाली. घरी पोचल्यावर दारात चपला काढताना तिनं अट घातली. मॅच बघायला यायचं, पण पहिल्या बेसजवळच्या बाकावर बसायचं नाही. पार तिकडच्या टोकाच्या कुंपणापाशी उभं राहायचं, जिथून काही नीट दिसत नाही. मी हो म्हटलं. त्यावर ही आतून म्हणाली, देव पावला.

भाऊ


२० मार्च

भाऊ,

शेवटी तू ‘थोडी’ म्हणालासच. धन्य आहे. पोरगी तुझ्यावर गेली नाही, याबद्दल तुझ्या बायकोचे आभार मान.

त्या रडवेल्या पिचरचं तेवढं सांगते, म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर येईल. मी त्या वयात पिचर होते, तुला आठवत नसेल, तू लहान होतास. अशीच एक मुलगी माझ्यासमोर वॉक घेऊन दुसऱ्या बेसकडे पळाली, मी चेंडू भलतीकडे फेकला आणि आम्ही हरलो. घरी येऊन मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. पुढच्या वेळी मी फेकला नाही. चेंडू हातात घट्ट धरला, वर्तुळात उभी राहिले आणि तिच्याकडे नुसतं बघितलं. तिला पुढे जावं की मागे कळेना, आऊट झाली. पिचरला हे कोच शिकवू शकत नाही. ते समोरून पळणारीच शिकवते. तुझी पोरगी त्या मुलीचं काही हिरावून घेत नाहीये. तिला नियमाची ती बाजू दाखवतेय. पुढचं ती मुलगी बघून घेईल.

दाढ भरून घे.

ताई


३१ मार्च

ताई,

निवड झाली. नऊ जणींत भिंगरी नववी. कोचबाईंनी मला स्वतः सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, “आता कोणालाही काही विचारू नका, दादा. रस्ता विचारायचा असेल तरी मला विचारा.” दाढ भरली. डॉक्टरांनी सॉफ्टबॉलचा विषय काढला नाही, मीही नाही. तोंडात कापूस होता.

शनिवारी मॅच होती. मी अटीप्रमाणे टोकाच्या कुंपणापाशी उभा राहिलो. तिथून मुली बोटाएवढ्या दिसतात, अंपायरची पाठ दिसते आणि गुणफलकाची मागची बाजू. समोरची टीम तीच, पिचरही तीच, तिची उंच वेणी मी ओळखली. तिसऱ्या बेसवर आमची मुलगी होती. भिंगरीला वॉक मिळाला.

ती पहिल्या बेसला पाय लावून वळली, दोन ढांगा गेली आणि थांबली. पिचरनं फेकला नाही. वर्तुळात उभी राहिली, चेंडू पोटाशी धरून, आणि तिच्याकडे बघत राहिली. ते तिला कोणी शिकवलं हे तुझ्या मागच्या पत्रामुळे मला माहीत आहे. एकमेकींकडे बघत त्या किती वेळ उभ्या होत्या कळलं नाही, मला तो फार वाटला, म्हणजे नसेलच. मग भिंगरी हलली. कुठे, पुढे की मागे, हेही मला आधी नीट दिसलं नाही. चेंडू सुटला. दुसऱ्या बेसपाशी धूळ उडाली, होम बेसकडून आरडाओरडा झाला, बाकावरच्या सगळ्या उठल्या, दोन्ही बाजूंच्या. अंपायरचा हात हलला, पण पाठीआड. उंच वेणीवाली वर्तुळात तशीच उभी होती, आणि ती रडत नव्हती, एवढं मात्र मला तिथूनही दिसलं.

डाव बदलला तेव्हा भिंगरी पळत पळत थेट माझ्याकडे आली. पाणी मागितलं. एका गालावर माती, गुडघा खरचटलेला, श्वास लागलेला. मी बाटली दिली. ती घटाघटा प्यायली आणि बाटलीच्या आडून माझ्याकडे बघत होती.

“विचार ना,” ती म्हणाली.

“नाही विचारत.”

“खरंच?”

“खरंच.”

तिनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. बाटलीचं झाकण लावलं, बाटली माझ्या हातात दिली आणि परत पळाली. घरी येताना गाडीत आम्ही दोघं सगळा वेळ बोलत होतो. कशाकशावर बोललो, पण त्यावर नाही.

कोचबाईंचा तुला फोन येतो हे मला ठाऊक आहे. त्यांनी काय झालं ते सांगितलंच, तर तुझ्यापाशीच ठेव. मी पुढच्या पत्रात आडून आडून विचारलं, तरी सांगू नकोस.

तुझा,
भाऊ